कोविडकाळात शाळा उघडण्याच्या गणिताची मुळं मुंबईच्या प्लेगमध्ये

डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, याची नोंद झाली होती. १९२७ साली विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅक्केंड्रिक यांनी साथ कशी चढते आणि उतरते हे सांगणारं आपलं सूत्र याच आकड्यांवर तपासलं. मॅक्केंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कसौलीला काम केलेले. लागण होऊ शकेल असे, लागण झालेले आणि बरे झालेले किंवा दगावलेले असे लोकसंख्येचे तीन गट या दोघांनी पाडले. त्यांच्या सूत्राची रेघ सतराव्या आठवड्यात सुमारे ८९० मृत्यूंपर्यंत चढते आणि मग उतरते. प्रत्यक्ष आकड्यांचे ठिपके तिच्या आजूबाजूलाच पडले. २०२० मधली कोविडची बहुतेक मॉडेल्स, म्हणजे साथ कशी पसरेल याची गणितं, याच मांडणीवर उभी होती.

शाळा उघडायच्या की नाही हे ठरवायला एवढं पुरत नव्हतं. कोण कोणाला भेटतं, हे कळायला हवं होतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आठ युरोपीय देशांतल्या ७,२९० जणांनी एका दिवसाच्या भेटी डायरीत लिहिल्या. स्पर्श झाला किंवा समोरासमोर किमान तीन शब्द बोलणं झालं, की ती भेट धरायची. शाळकरी मुलांच्या भेटी सगळ्यांत जास्त निघाल्या, त्याही आपल्याच वयाच्या मुलांशी. त्याच वर्षी फ्रान्समधल्या अभ्यासात दिसलं, की शाळेच्या सुट्ट्यांमुळे हंगामी फ्लूचे १६ ते १८ टक्के रुग्ण टळतात.

पण हा सगळा अनुभव फ्लूचा. कोविड मुलांमधून किती पसरतो, हे मार्च २०२० मध्ये शाळा बंद करताना कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून तेव्हाची मॉडेल्स 'असं धरलं तर असं होईल' या भाषेत बोलत होती, आणि माझ्या मते हाच त्यांचा प्रामाणिकपणा होता. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिटनसाठी केलेल्या एका अभ्यासाचं उत्तर पाहा. सप्टेंबरमध्ये शाळा पूर्णवेळ उघडायच्या आणि दुसरी लाट टाळायची, तर बाधितांच्या संपर्कात आलेल्यांपैकी ६८ टक्के लोक शोधले जात असताना लक्षणं असलेल्या बाधितांपैकी ७५ टक्के लोकांची चाचणी आणि बाधित निघालेल्यांचं विलगीकरण व्हायला हवं. म्हणजे शाळेचं भवितव्य शाळेबाहेरच्या यंत्रणेवर अवलंबून होतं. चर्चेत मात्र 'उघडा' की 'उघडू नका' एवढंच उरलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मुंबईचंही मॉडेल झालं. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी संगणकात एक शहर वसवलं. त्यात घर, शाळा, कचेरी होती, लोकलचा प्रवास होता, आणि झोपडपट्टीतली दाटी वेगळी मोजलेली होती.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० ला शाळा भरल्या. ४ जानेवारी २०२१ ला नाताळच्या सुट्टीनंतर अनेक प्राथमिक शाळांत मुलं परतली आणि त्याच संध्याकाळी पुन्हा टाळेबंदी जाहीर झाली. ८ मार्चला शाळा परत सुरू झाल्या, तेव्हा माध्यमिकच्या मुलांना आठवड्यातून दोनदा चाचणी करायला सांगितलं गेलं. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले.