चिनीमातीच्या जातीची तार

मोटरीत बिनरोधाची तार हे स्वप्न जुनं आहे. 1911 मध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत गार केला आणि त्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा झाला. पण एवढ्या थंडीला द्रवरूप हेलियम लागतो. तो खर्च साध्या मोटरीला परवडणारा नव्हता.

1986 मध्ये झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्ट्‌झ आणि म्युलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये अतिवाहकता, म्हणजे असाच रोध नाहीसा होणं, सापडली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वू आणि चू यांच्या गटांनी यिट्रियम हा धातू असलेल्या तशाच ऑक्साइडमध्ये ती उणे 180 अंशांलाच गाठली. याला ‘उच्च तापमान’ म्हणायचं म्हणजे जरा धाडसच! पण स्वस्तातला द्रवरूप नायट्रोजन उणे 196 ला उकळतो, म्हणजे गार करायला तोच पुरतो, म्हणून एवढा आनंद.

खरी पंचाईत पुढे होती. हा पदार्थ कपबशीच्या जातीचा, वाकवला की तडकतो. त्यातच 1988 मध्ये लक्षात आलं, की त्यातले शेजारचे स्फटिककण एकमेकांशी दहा-पंधरा अंशांनी तिरपे बसले तरी प्रवाह कित्येक पटींनी घटतो.

वाट दाखवली बिस्मथ हा धातू असलेल्या तशाच ऑक्साइडने. त्याचे कण अभ्रकासारखे चपटे. भुकटी चांदीच्या नळीत भरायची, नळी ओढून बारीक करायची, अशा कितीतरी तारा दुसऱ्या नळीत कोंबून परत ओढायच्या आणि शेवटी लाटायच्या. लाटताना कण आडवे पडतात. मग 840 अंशांच्या आसपास भाजायचं. चांदीच का? तापलेल्या चांदीतून ऑक्सिजन आरपार जातो आणि ती भुकटीशी भांडत नाही. हाती येते ती जेमतेम 4 मिलिमीटर रुंदीची फीत. तिला तार म्हणतात ते सवयीने.

मोटरीत ही फीत बहुधा रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, गुंडाळतात. तिथे डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह असतो; दिशा सतत बदलणाऱ्या एसीमध्ये अतिवाहकही तापतो. शिवाय जोरदार चुंबकक्षेत्रात ती नायट्रोजनच्या तापमानाला दम सोडते, म्हणून रोटर उणे 240 च्या आसपास ठेवायचा, तोही गार हेलियम वायूने. पुढच्या दाराने घालवलेला हेलियम मागच्या दाराने आला तो असा. तरीही 2009 च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाची 36.5 मेगावॉटची मोटर फिलाडेल्फियात पूर्ण भारावर चालली.

चांदीचा खर्च मात्र सुटेना. म्हणून संशोधक यिट्रियमकडे परतले. निकेलच्या मिश्रधातूची पट्टी, तिच्यावर कण ओळीत बसवणारे थर आणि वर मायक्रॉनभर जाडीचं सिरॅमिक. या जातीची फीत मोटरीच्या सख्ख्या भावात, म्हणजे जनरेटरमध्ये, 2018 च्या अखेरीस डेन्मार्कमधल्या थायबोरोनच्या 3.6 मेगावॉट पवनचक्कीवर चढली.