साभार पोचपासून सर्चपर्यंत : मराठी पुस्तक परीक्षणांचा माग

मध्यंतरी एका मैत्रिणीला उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाच म्हणून सांगितलं. तिचा पहिला प्रश्न : “कुणी काही लिहिलंय का तिच्यावर? आधी पाठव.” मी मोबाइलवर ‘धग’ टाकलं, तर उन्हाळ्याच्या आणि आगीच्या बातम्या आल्या. ‘धग कादंबरी’ टाकलं, तर पुस्तकविक्रीची पानं आली. त्यांवर किंमत, पृष्ठसंख्या आणि मलपृष्ठावरचा मजकूर. मग ‘धग कौतिक’ असं टाकून पाहिलं. कौतिक ही कादंबरीची नायिका. आता कुठे पुस्तक खरंच वाचलेल्या माणसांनी लिहिलेलं समोर आलं. 1960 साली आलेली, मराठीतली एवढी महत्त्वाची कादंबरी, आणि तिच्यावरचं लेखन सापडायला तीन खेपा!

मराठीत परीक्षणं कमी लिहिली गेली असं नाही. दीडशे वर्षं ती सातत्यानं लिहिली जात आहेत. अडतं ते त्यांच्यापर्यंत पोचायला.

1867 हे साल इथे लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्या वर्षी रामकृष्ण भिकाजी गुंजीकरांचं ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक सुरू झालं आणि नव्या मराठी पुस्तकांचा गंभीरपणे परामर्श घेणारी हक्काची जागा तयार झाली. त्याच वर्षी छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, किंमत, प्रतींची संख्या सरकारदरबारी नोंदली जाऊ लागली. एकीकडे पुस्तकाची नोंद, दुसरीकडे पुस्तकाबद्दलचं मत. वाचकाला दोन्ही लागतात, पण आजच्या विक्रीच्या पानांवर पहिली गोष्ट भरपूर मिळते आणि दुसरी शोधत बसावी लागते. पुढे 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ हे मासिक काढलं. ‘ग्रंथांवर टीका’ हा स्वतंत्र निबंधाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांची धार सगळ्यांना मानवेल असं नाही, पण पुस्तकाचं नुसतं स्वागत करायचं नसतं, ते तपासायचं असतं, ही सवय त्या काळात लागली.

मग मासिकांची एक रीतच पडली. लेखक-प्रकाशकांनी परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायच्या, संपादकांनी त्यातली एक परीक्षकाकडे द्यायची. ज्यांवर लिहून होणार नाही त्यांची नावं शेवटच्या पानांत ‘साभार पोच’ म्हणून छापायची. मला ही साभार पोचची यादी फार मोलाची वाटते. अमुक पुस्तक निघालं, आमच्यापर्यंत आलं, एवढं तरी ती प्रामाणिकपणे सांगते. 1962 मध्ये वसंत दावतरांनी समीक्षेलाच वाहिलेलं ‘आलोचना’ सुरू केलं. जानेवारी 1964 मध्ये केशवराव कोठावळ्यांचं ‘ललित’ मासिक आलं आणि पुस्तकांच्या बातम्या सामान्य वाचकाच्या घरात पोचल्या. त्यातलं जयवंत दळवींचं ‘ठणठणपाळ’ या टोपणनावानं येणारं सदर लोक आधी उघडत. पुढे वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या आल्याच. कुठलं पुस्तक घ्यावं हे पाहायला कुठलं पान उलटायचं, हे वाचकाला ठाऊक असे.

नेटवर आल्यावर हे पान हरवलं. मराठी माणूस मागे राहिला म्हणून हे झालं नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ 1996 मध्येच सुरू केलं होतं. गोची होती ती फाँटची. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं एकाच पद्धतीनं साठवण्याची सोय, रुळण्याआधी ज्याचा त्याचा फाँट वेगळा असे. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो फाँट आपल्या संगणकावर नसला की परीक्षणाच्या जागी नुसती कचकच दिसायची, आणि शोधयंत्राला तर ते कधीच मराठी म्हणून वाचता आलं नाही. ‘गमभन’सारखी टंकलेखनाची सोय आली, ‘मनोगत’, ‘मिसळपाव’सारखी संकेतस्थळं आली, तेव्हा युनिकोडमधलं लेखन साचू लागलं. त्याआधीच्या वर्षांतलं कितीतरी लेखन शोधाच्या दृष्टीनं मुकंच आहे.

युनिकोडनंही सगळं सुटलं नाही. ‘वाऱ्यावरची वरात’ घ्या. त्यातला ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी साठवता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण एखाद्या संकेतस्थळाच्या साध्या शोधखिडकीला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तीच गत ‘परीक्षण’ आणि ‘परिक्षण’ची. दुसरं अशुद्ध आहे, पण ते लिहिणाऱ्याचं परीक्षण उत्तम असू शकतं. शिवाय कुणी ‘पुस्तक परिचय’ म्हणतं, कुणी ‘समीक्षा’, कुणी ‘रसग्रहण’, कुणी ‘वाचलेलं पुस्तक’. पु. ल. देशपांडे कुठे ‘पुलं’ असतात, कुठे ‘पु.ल.’. म्हणून एका शब्दावर थांबू नये. पुस्तकाचं नाव रोमन लिपीतही टाकून पाहावं, आणि शक्य तिथे पात्राचं किंवा गावाचं नाव जोडावं. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढणारा सहसा तेवढ्या खोलात जात नाही.

विक्रीच्या पानांवर ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांवर मात्र फार विसंबू नये. अ‍ॅमेझॉननं 1995 पासून ग्राहकांना अभिप्राय लिहू दिले. 2004 मध्ये त्यांच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर तांत्रिक चुकीनं निनावी अभिप्राय देणाऱ्यांची खरी नावं दिसू लागली, तेव्हा काही लेखकांनीच स्वतःच्या पुस्तकांची तारीफ केल्याचं उघड झालं. मी दोन-तीन गोष्टी बघते : लिहिणाऱ्यानं पुस्तकातलं काही उद्धृत केलंय का, काय जमलं नाही ते सांगितलंय का, अनुवाद असेल तर अनुवादाबद्दल एखादी ओळ तरी आहे का.

अलीकडची अडचण वेगळी आहे. कित्येक चांगली परीक्षणं आता फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत लिहिली जातात. दोन दिवसांत ती खाली सरकतात आणि बाहेरच्या शोधाला फारशी लागत नाहीत. इतक्या मनापासून लिहिलेलं असं वाहून जाताना बघवत नाही. लिहिणाऱ्यांनी त्याची एक प्रत उघड्या जागी ठेवावी, शीर्षकात पुस्तकाचं आणि लेखकाचं पूर्ण नाव घालावं, एवढी कळकळीची विनंती.

जुन्या पुस्तकांसाठी वाट उलटी धरावी लागते. जुने अंक नेटवर चढवले असले तरी बरेचदा ती पानांची छायाचित्रं असतात, आतला शब्द शोधता येत नाही. अशा वेळी आधी पहिल्या आवृत्तीचं साल काढायचं. 1800 ते 1950 या काळातलं पुस्तक असेल तर शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहेच. मग त्या सालापासून पुढच्या दोन वर्षांचे अंक पाहायचे. ‘धग’साठी मी तेच करणार आहे : ग्रंथालयात जाऊन 1960 ते 62 च्या मासिकांच्या बांधीव फायली मागायच्या आणि शेवटच्या पानांपासून चाळायला लागायचं.