तुटलेली फायबर केबल खांबावरून उतरवल्यावर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. झाडं आणि विजेचे खांब मोडले, फोन आणि इंटरनेट बंद पडलं. अशा वादळानंतर खांबांवरून ओढलेली फायबर केबल जोडायला निघालेली माणसं आधी एकच गोष्ट पाहतात: शेजारच्या विजेच्या तारा खरोखर बंद आहेत ना?

तुटलेलं टोक दिसतं, पण नुकसान तिथेच थांबलेलं नसतं. झाड कोसळताना केबल आधी ताणली जाते. वरचं काळं आवरण शाबूत, आणि आतला काचेचा तंतू काही मीटर अलीकडेच तडकलेला, असंही होतं. म्हणून ओटीडीआर लावतात. हे यंत्र तंतूत प्रकाशाचे स्पंद सोडतं आणि काचेतून विखरून परत येणारा क्षीण प्रकाश मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १ किलोमीटरवरच्या तुटीची खबर १० मायक्रोसेकंदांत परत येते. मात्र यंत्र तंतूची लांबी सांगतं, रस्त्याची नव्हे. आत तंतू पीळ घेत गेलेले असतात, शिवाय खांबांवर जादा केबलची वेटोळी ठेवलेली असतात. ती हिशेबात धरली नाहीत, तर माणूस भलत्याच खांबावर चढतो.

त्याच वेटोळ्यांमुळे केबल खाली, गाडीत किंवा छोट्या तंबूत आणता येते. वाऱ्याधुळीत जोड देणं कठीणच, कारण प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो आणि धुळीचे कित्येक कण त्याहून मोठे. लांबी पुरली नाही तर नवा तुकडा घालायचा, म्हणजे एका तुटीचे दोन जोड.

तंतू रंगावरून जुळवतात: निळ्याला निळा, नारिंगीला नारिंगी. आधी जोड झाकणारी संरक्षक नळी, म्हणजे स्लीव्ह, तंतूवर ओवायची. ती विसरली तर झालेला जोड तोडावा लागतो. मग तंतूवरचं आवरण सोलून, अल्कोहोलने पुसून, क्लीव्हरने, म्हणजे तंतू सरळ कापणाऱ्या हत्याराने, काप द्यायचा. माझ्या मते जोडाचं भवितव्य इथेच ठरतं. टोक अंशभरही तिरकं नको. पुढे स्प्लायसर या जोडयंत्रातली विजेची ठिणगी काही सेकंदांत दोन्ही टोकं वितळवून एकजीव करते. चांगल्या जोडात प्रकाशाची ०.०५ डेसिबलच्या आसपास घट होते, म्हणजे १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला पाव किलोमीटर काचेत होते तेवढीच.

शेवटची तपासणी १३१० आणि १५५० नॅनोमीटर या दोन्ही तरंगलांबींवर करतात. १३१० वर सगळं ठीक आणि १५५० वर घट जास्त दिसली, तर बहुधा जोड ठेवलेल्या डबीत तंतू कुठेतरी फार आवळून वळला आहे. मग डबी पुन्हा उघडायची आणि वळण सैल करायचं.