व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग

योहानकृत शुभवर्तमानात (७:५३–८:११) आलेली, ईश्वरी दयेचे उदाहरण म्हणून ख्रिस्ती परंपरेत सर्वाधिक सांगितल्या जाणाऱ्या कथांपैकी एक. व्यभिचार करताना धरलेल्या स्त्रीला शास्त्री (यहुदी नियमशास्त्राचे पंडित) व परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) मंदिरात येशूपुढे उभे करतात आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे तिला धोंडमार करावी काय, असे विचारतात. ‘तुमच्यामध्ये जो कोणी निष्पाप असेल त्याने प्रथम तिच्यावर दगड टाकावा’ हे येशूचे उत्तर सर्वश्रुत आहे.

प्रसंगाचे मूळ स्थान वादग्रस्त आहे. योहानाच्या सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तो आढळत नाही. पपायरस ६६ व ७५ ही लव्हाळ्याच्या कागदावरील हस्तलिखिते (रूढ मतानुसार इ. स. २०० च्या आसपासचे, काही अभ्यासक हा काळ चौथ्या शतकापर्यंत खाली आणतात) तसेच चौथ्या शतकातील सिनाय व व्हॅटिकन संहिता (पुस्तकरूपात बांधलेली हस्तलिखिते) यांत सातव्या अध्यायातील ५२ वे वचन संपते आणि थेट ८:१२ सुरू होते. सुमारे ४०० सालच्या बेझा संहितेत, म्हणजे एका ग्रीक-लॅटिन द्विभाषी प्रतीत, प्रसंग प्रथम दिसतो. नंतरच्या काही प्रतींत तो योहानाच्या अखेरीस, तर काहींत चक्क लूककृत शुभवर्तमानात २१:३८ नंतर येतो. कित्येक लेखनिकांनी समासात संशयचिन्हे घातली आहेत. दोन प्रतींत मजकूर गाळून तेथे कोरी जागा सोडलेली आहे, यावरून लेखनिकाला कथा ठाऊक होती एवढे निश्चित. शैलीही योहानाची वाटत नाही : ‘शास्त्री’ आणि ‘जैतुनांचा डोंगर’ हे उल्लेख या शुभवर्तमानात अन्यत्र नाहीत.

हा मजकूर मूळचाच होता व मागाहून गाळला गेला, असे लॅटिन धर्मपिता ऑगस्टिन याचे (३५४–४३०) मत होते. स्त्रियांना पाप करण्याची मोकळीक मिळेल या भीतीने अल्पविश्वासू लोकांनी तो काढला, असे तो लिहितो. परंतु तसे असते तर ७:५३ ते ८:२ ही निरुपद्रवी वचने गाळण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे हे मत आता फारसे मान्य नाही. कथा योहानाची नसली तरी जुनी आहे, हा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील बिशप पापियास याने ‘पुष्कळ पापांचा आरोप असलेल्या’ एका स्त्रीची कथा सांगितली होती, असे चर्चचा इतिहासकार युसेबियस नोंदवतो. ती हीच असेल असे खात्रीने म्हणता येत नाही. तिसऱ्या शतकात सिरियात रचलेल्या ‘डिडास्कालिया’ या चर्च-नियमांच्या ग्रंथात मात्र साम्य स्पष्ट आहे. तेथे बिशपांना पश्चात्तापी पाप्याचा स्वीकार करण्यास सांगताना या प्रसंगाचा आधार घेतला आहे. चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा भाष्यकार अंध दिदिमस यानेही तो काही शुभवर्तमानांत वाचल्याचे सांगितले आहे. त्याच्या भाष्याचे पपायरस इजिप्तमधील तुरा येथे १९४१ मध्ये सापडले.

या संदर्भात प्रायश्चित्ताचा वाद ध्यानात घ्यावा लागतो. बाप्तिस्म्यानंतरचा व्यभिचार चर्चने क्षमावा काय, यावर तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी तीव्र मतभेद होते. लॅटिन ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियानस याने अशा क्षमेवर कडाडून टीका केली, पण या कथेचा निर्देश केला नाही. तिला स्थिर जागा मिळण्यास झालेल्या विलंबाचे एक कारण ही कडक शिस्त असू शकेल. जेरोमने केलेल्या बायबलच्या लॅटिन भाषांतरात आल्यावर पाश्चात्त्य चर्चमध्ये तिचे स्थान पक्के झाले. आधुनिक चिकित्सक आवृत्त्या ती मूळ मजकुरातील नसल्याची खूण म्हणून दुहेरी चौकटी कंसांत छापतात.

कथेत येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहितो, पण काय लिहिले ते सांगितलेले नाही. उत्तरकालीन काही प्रतींत ‘प्रत्येकाची पापे’ अशी भर आढळते. काही भाष्यकार परमेश्वराला सोडणाऱ्यांची नावे धुळीत लिहिली जातील असे सांगणाऱ्या यिर्मया १७:१३ कडे बोट दाखवतात. पहिला दगड साक्षीदारांनी टाकावा ही अट जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील (१७:७) असून येशूचे उत्तर तिच्यावरच बेतलेले आहे. त्याच करारातील लेवीय २०:१० व्यभिचारी स्त्री व पुरुष दोघांनाही मृत्युदंड सांगते. येथे पुरुष कोठेच नाही. ‘मीही तुला दोषी ठरवत नाही’ यापाठोपाठ ‘ह्यापुढे पाप करू नकोस’ अशी आज्ञा येते, याकडे प्रवचनकार अनेकदा दुर्लक्ष करतात.

येशूचे उत्तर ऐकून आरोप करणारे सर्व निघून गेल्यावर दोघेच उरले, दीन स्त्री आणि दया, असे ऑगस्टिन म्हणतो. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या पत्राचे शीर्षक यावरूनच आले. कॅथलिक उपासनेत वाचनांच्या ‘अ’, ‘ब’, ‘क’ या तीन वर्षांच्या चक्रातील ‘क’ वर्षी उपवासकाळाच्या (ईस्टरपूर्व काळाच्या) पाचव्या रविवारी हा उतारा वाचतात. ‘अ’ व ‘ब’ वर्षांत तो पुढच्या सोमवारी, व्यभिचाराचा खोटा आरोप झालेल्या सुसान्नेच्या दानिएल ग्रंथातील कथेबरोबर येतो.