घोड्याची खोड आणि पोटातलं आम्ल

वडोदऱ्यात 'रेसकोर्स' हे आता रस्त्याचं आणि सर्कलचं नाव उरलंय; शर्यती बघायच्या तर पुण्या-मुंबईला जायचं. तिकडच्याच तबेल्यातला एक व्हिडिओ सध्या आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. देखणा घोडा दाराची कड पुढच्या दातांनी धरतो, मान ताणतो आणि घशातून घुर्र आवाज काढतो. परत परत तेच. खाली शेरे : 'माज चढलाय', 'शेजारच्याचं बघून शिकला'.

बघून शिकण्याला भक्कम पुरावा नाही. माजाचा तर प्रश्नच नाही, कारण मोकळ्या रानटी घोड्यांत ही खोड आढळत नाही.

मोकळा घोडा दिवसाचे 16-17 तास चरतो, आणि त्याचं जठर त्याच हिशेबानं बनलंय. पोटात काही असो-नसो, आम्ल चोवीस तास पाझरतं. लाळ मात्र चावतानाच सुटते. तिच्यात बायकार्बोनेट असतं, आपल्या खायच्या सोड्यातलंच, ते आम्ल मारतं. चावणं थांबलं की लाळ बंद, आम्ल चालूच. किलोभर सुकं गवत चावायला घोड्याला 40 मिनिटं लागतात, किलोभर ओट 10 मिनिटांत फस्त. रेसच्या घोड्याला ताकद हवी म्हणून चंदी, म्हणजे दाणा, भरपूर आणि गवत बेताचं. उरलेला वेळ चार भिंती.

आता जठराच्या आत. खालच्या भागाला श्लेष्म्याचं जाड अस्तर असतं, आम्ल तिथं फारसं काही करू शकत नाही. वरच्या भागाला मात्र अन्ननलिकेसारखी साधी त्वचा, तीही उघडी. उभ्या घोड्यात तळाशी पीएच 2 च्या आसपास, वर 6-7 (आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र). घोडा दुडकी धरतो तेव्हाच पोटाचे स्नायू आवळायला लागतात, जठर दबतं आणि तळातलं आम्ल वर उसळतं. त्यात चंदीतल्या स्टार्चवर जिवाणूंनी तयार केलेली मेदाम्लं मिसळतात. पीएच 4 च्या खाली ती आयन न होता, म्हणजे विद्युतभार न घेता, अखंड राहतात, म्हणून पेशीच्या मेदपटलातून थेट आत शिरतात, सोडियमची वाहतूक बिघडवतात. पेशी फुगून मरते. व्रण पडतो तो असा. सरावातल्या घोड्यांची दुर्बिणीनं तपासणी झाली तेव्हा काही पाहण्यांत दहापैकी आठ-नऊ जठरांत व्रण निघाले.

शनीसाठी काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी घेणारे पुष्कळ दिसतात. त्या घोड्याच्या पोटाची चौकशी कोणी करत असेल असं वाटत नाही.

दार चावण्यामागं लाळ सुटावी हा हेतू असेल, असं काही संशोधक मानतात. ही खोड लागलेल्या शिंगरांच्या जठरांत व्रण जास्त आढळले, पण मोठ्या घोड्यांत चित्र इतकं स्वच्छ नाही. एवढं खरं, की गळ्याला पट्टा आवळून खोड दाबली, तर पट्टा सुटल्यावर घोडा ती आधीपेक्षा जास्त करतो.

व्रणावर ओमेप्रॅझोल चालतं, आपल्या ॲसिडिटीवरचंच. पण मोतद्दाराच्या हातातला उपाय साधा आहे : सकाळच्या दौडीआधी थोडी लसूणघास, म्हणजे इकडचा रजको. त्यातलं कॅल्शियम आम्ल शोषतं आणि तंतूंचा थर उसळी अडवतो. दिवसभर गवत पुढ्यात असावं, शेजारचा घोडा दिसावा. एका जागी उभं राहून डुलत राहण्याची दुसरी खोड लागलेल्या घोड्यांच्या ठाणात आरसे लावले, तेव्हा त्यांचं डुलणं बरंच कमी झालं होतं.