फ्लॉपी गेली, ड्रायव्हर राहिला

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, सोर्स कोडमध्ये ‘ड्रायव्हर्स’ नावाचं फोल्डर आहे, त्यात ‘ब्लॉक’ नावाचं आणखी एक, आणि त्यात ‘फ्लॉपी डॉट सी’ ही फाईल. ती उघडली की सुरुवातीलाच लिनस टोरवाल्ड्सचं नाव आणि १९९१, १९९२ ही सालं दिसतात. खाली तारीखवार नोंदी आहेत, वहीत लिहून ठेवाव्यात तशा. त्यातली एक २ डिसेंबर १९९१ ची. तिचा मथितार्थ असा: रीसेट कधी करायचं याची खूण आता स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत टिकवून ठेवणाऱ्या नावाच्या कप्प्यात, ठेवली आहे, त्यामुळे काही गोष्टी सोप्या झाल्या आणि कोड समजायलाही सोपा झाला असेल, अशी आशा. हे लिहिणारा तेव्हा २१ वर्षांचा होता, हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता, आणि लिनक्सची पहिली घोषणा करून त्याला जेमतेम तीन महिने झाले होते.

मला या फाईलबद्दल फार जिव्हाळा आहे. ज्या यंत्रासाठी ती लिहिली ते बहुतेक घरांमधून आणि कचेऱ्यांमधून केव्हाच हद्दपार झालं. फाईल मात्र अजून दुरुस्त होत राहिली, आणि तिच्यात ड्रायव्हर सांभाळण्याच्या कामाचे सगळे पेच एकाच जागी सापडतात.

ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि एखादं उपकरण यांच्यामधला दुभाष्या. ‘या फाईलचा पुढचा तुकडा वाच’ एवढंच कर्नल सांगतो. फ्लॉपीची मोटर सुरू करायची, तिचा वेग स्थिर होईपर्यंत थांबायचं, हेड नेमक्या ट्रॅकवर न्यायचं, मग डेटा उचलायचा, हे सगळं ड्रायव्हरला माहीत असतं. प्रत्येक चिपची तऱ्हा वेगळी. त्यामुळे आज लिनक्सच्या कोट्यवधी ओळींपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त ओळी ड्रायव्हरांच्याच आहेत.

हा कोड कर्नलच्या आत चालतो, म्हणजे त्याला सगळ्या मेमरीत मुक्तद्वार असतं. एखादं साधं ॲप चुकलं तर ते ॲप बंद पडतं; ड्रायव्हर चुकला तर अख्खं यंत्र बसतं. १९ जुलै २०२४ ला जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, त्याच्या मुळाशीही एका सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर होता. आपल्या हद्दीबाहेरची मेमरी त्याने वाचली, एवढंच निमित्त.

२००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड आपोआप तपासणाऱ्या साधनांनी चाळून काढला. ठराविक प्रकारच्या चुकांचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये उरलेल्या कर्नलपेक्षा तीन ते सात पट जास्त निघालं. दहा वर्षांनी फ्रान्समधल्या संशोधकांनी तशीच तपासणी पुन्हा केली. तोवर ड्रायव्हरांचा कोड कितीतरी वाढला होता, तरी त्यातलं चुकांचं प्रमाण घटलं होतं, आणि सगळ्यात वाईट भाग हा ठपका आता ड्रायव्हरांवर राहिला नव्हता. मधल्या दहा वर्षांत असंख्य माणसांनी बसून साफसफाई केली होती.

पण मुळात एकदा नीट चाललेला कोड बिघडतो कसा? तो बदलत नाही, त्याच्याभोवतीचा कर्नल बदलतो. लिनक्समध्ये बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द मोडायचा नाही हा दंडक आहे, पण कर्नलच्या आतल्या फंक्शनांना असं कुठलंही अभय नाही. आतली रचना सुधारायची असेल तर खुशाल सुधारा. मात्र जो बदलतो त्यानेच ती रचना वापरणारा प्रत्येक ड्रायव्हर नव्या पद्धतीला लावून द्यायचा.

टायमरचं उदाहरण घ्या. ‘अमुक वेळाने हे फंक्शन चालव’ असं सांगताना ड्रायव्हर पूर्वी त्यासोबत एक आकडा देत असे, आणि तो आकडा म्हणजे बहुतेक वेळा वेष पालटलेला मेमरीचा पत्ता असे. टायमरची जागा एखाद्या हल्लेखोराच्या हाती लागली तर कोणतं फंक्शन चालवायचं आणि त्याला काय द्यायचं, दोन्ही किल्ल्या एकदमच त्याच्याकडे जात. म्हणून नवी पद्धत आणली. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीत जुनी पद्धत काढून टाकली, पण त्याआधी शेकडो ड्रायव्हरांमधली टायमरची मांडणी बदलावी लागली.

एवढे बदल हाताने करणं म्हणजे चुकांना आमंत्रणच. त्यासाठी ‘कॉक्सिनेल’ नावाचं साधन आहे, ज्यूलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेलं. ‘अशा घडणीचा कोड दिसला की त्याचं असं कर’ हा नियम एकदा लिहायचा आणि सगळ्या कर्नलवर चालवायचा. व्हेरिएबलची नावं वेगळी असली, ओळी मागेपुढे असल्या, तरी त्याला घडण ओळखता येते. हा फ्रेंच शब्द आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेल्या एका जिवाचा आहे: कपाशीवरचा मावा फस्त करणारा ढालकिडा. कोडमधल्या चुकांना इंग्रजीत बग, म्हणजे किडा म्हणतात. तो खाणाऱ्या साधनाला याहून नेमकं नाव मिळालं नसतं.

काही चुका मात्र असा नियम लिहून पकडता येत नाहीत. त्यासाठी पुन्हा फ्लॉपीकडे जाऊ.

२०१९ च्या जुलैमध्ये या ड्रायव्हरमधल्या काही चुका समोर आल्या. कर्नलवर वेड्यावाकड्या विनंत्यांचा अखंड मारा करणाऱ्या ‘सिझकॉलर’ या साधनाने त्या शोधल्या होत्या. दुरुस्त्या आल्या, पण ड्रायव्हर सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतला ड्राइव्हच उरला नव्हता. विली टारो यांनी, म्हणजे एचएप्रॉक्सी हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी, बदल तपासून दिले. लिनसने ते स्वीकारले आणि सांभाळणाऱ्यांच्या यादीत या ड्रायव्हरपुढे ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ, अशी नोंद केली.

मग काढूनच का टाकला नाही? कारण क्लाउडमध्ये किंवा एकाच संगणकावर चालणाऱ्या आभासी यंत्रांना, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांना, अनेकदा आभासी फ्लॉपी कंट्रोलरही (ड्राइव्ह चालवणारी चिप) जोडलेला असतो. खरी फ्लॉपी नाही, पण तिचा ड्रायव्हर जागा आहे आणि त्यातल्या चुकाही जाग्या आहेत.

त्यातली एक २०२० च्या फेब्रुवारीत सापडली. लिनक्समध्ये फ्लॉपी कंट्रोलर फार तर दोन, क्रमांक ० आणि १. कोणता कंट्रोलर वापरायचा हे ठरवणारं एक छोटं फंक्शन आहे. ते क्रमांक काढायचं, सगळ्या फाईलला सामायिक असलेल्या एका व्हेरिएबलमध्ये लिहायचं, मग तपासायचं, आणि क्रमांक ० किंवा १ नसेल तर ‘चुकीचा क्रमांक’ असा संदेश देऊन परत फिरायचं. वाचताना सगळं ठीक वाटतं, तपासणीही आहे. पण चुकीचा क्रमांक तोवर लिहून झालेला असे! सोसायटीच्या वहीत वॉचमनने आधी भलताच फ्लॅट नंबर टिपायचा, मग ‘असा फ्लॅट नाही’ म्हणायचं, आणि खोडायचं मात्र नाही, त्यातला प्रकार. पुढच्या पाळीचा माणूस वही बघूनच पार्सल देणार. इथे पुढचं फंक्शन त्या क्रमांकावर विसंबून हद्दीबाहेरची मेमरी वाचत होतं. दुरुस्ती लिनसनेच केली: क्रमांक आधी तात्पुरत्या जागी ठेवायचा, तपासायचा, आणि बरोबर असेल तरच वहीत चढवायचा.

ही चूक इतकी वर्षं का दडून राहिली? त्या सामायिक व्हेरिएबलचं नाव ‘एफडीसी’, फक्त तीन अक्षरं. वरून चिपच्या रजिस्टरांसाठी, म्हणजे तिच्यातल्या आज्ञा-माहितीच्या छोट्या कप्प्यांसाठी, जी संक्षिप्त नावं केली होती, तीही आतल्या आत हेच व्हेरिएबल वाचत. ओळीत त्याचा उल्लेखही नसताना ओळ त्याच्यावर अवलंबून असे. त्याच वर्षी टारो यांनी डझनाहून जास्त छोट्या पॅचांमध्ये, म्हणजे कोडमधल्या सुट्या बदलांमध्ये, ही लपलेली दोरी उघड्यावर आणली. कोणत्या कंट्रोलरशी बोलायचं हे आता फंक्शनला स्पष्ट सांगावं लागतं, आणि व्हेरिएबलचं नाव ‘करंट एफडीसी’ झालं. यातल्या बहुतेक पॅचांनी ड्रायव्हर काय करतो ते बदललं नाही, पुढच्या वाचणाऱ्याला काय दिसतं ते बदललं. माझ्या मते खरी साफसफाई ती हीच.

कारण साफसफाईच्या नावाखाली उलटंही होतं. समजा, एखादा ड्रायव्हर चिपच्या रजिस्टरमध्ये आज्ञा लिहितो आणि लगेच तेच रजिस्टर वाचतो, पण वाचलेली किंमत कुठेच वापरत नाही. नवख्या माणसाला ती ओळ फुकटची वाटते, तो ती उडवतो. त्याच्या संगणकावर सगळं सुरळीत चालतं. पण पीसीआय बसवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या वाटेवर, लिहिलेली आज्ञा लगेच पोचतेच असं नाही, ती वाटेत थांबून राहू शकते. वाचण्याची विनंती मागून गेली की आधीचं सगळं लिहिलेलं चिपपर्यंत पोचवावंच लागतं, आणि ती ओळ नेमकी त्यासाठीच असते. ओळ गेली की यंत्र कुणाकडे तरी, केव्हा तरी, मधूनच गप्प होतं, आणि शोधणाऱ्याचे महिने जातात. म्हणून अशा ओळीवर दोन शब्दांची टीप लिहिणं हीसुद्धा साफसफाई आहे, आणि ओळ उडवण्यापेक्षा कितीतरी मोलाची.

बंद करण्याचा क्रमही असाच. मांडव उतरवताना आधी विजेच्या माळांचा प्रवाह तोडायचा, मग माळा, मग कापड, शेवटी बांबू. ड्रायव्हरलाही उपकरणाकडून येणारे इंटरप्ट, म्हणजे ‘माझ्याकडे लक्ष दे’ अशा हाका, आधी थांबवून मगच मेमरी परत करावी लागते. उलट केलं तर सोडून दिलेल्या मेमरीवर इंटरप्ट येऊन आदळतो. २००७ पासून कर्नलमध्ये एक सोय आहे: घेतलेल्या वस्तूंची नोंद कर्नलच ठेवतो आणि ड्रायव्हर बंद होताना त्या उलट क्रमाने सोडतो. तिच्यामुळे अनेक ड्रायव्हरांतल्या गुंतागुंतीच्या ओळी गळाल्या.

२००८ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नलच्या एका प्रमुख विकसकाने ‘स्टेजिंग’ हा विभाग उघडला. ओबडधोबड ड्रायव्हर आधी तिथे येतात, सोबत काय काय सुधारायचं आहे त्याची यादी असते, आणि असा ड्रायव्हर सुरू केला की कर्नल स्वतःवर तशी खूण करून घेतो. जगभरच्या, त्यात भारतातल्याही, अनेकांचा पहिला पॅच इथलाच आहे. सुरुवात मोकळ्या जागा आणि ओळींची लांबी नीट करण्यापासून होते, त्यात काही गैर नाही. मुख्य विभागातल्या जुन्या ड्रायव्हरमध्ये मात्र नुसत्या मोकळ्या जागा सरकवू नयेत. कोणती ओळ कुणी आणि का लिहिली हे शोधणाऱ्याला मग आधी तुमचंच नाव दिसतं आणि मूळ कारण एक पायरी मागे जातं.

काही कोड काढूनच टाकावा लागतो. ३८६ प्रोसेसरचा आधार २०१२ च्या अखेरीस गेला, हार्ड डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयडीईचे, ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीत गेले. या आयडीई ड्रायव्हरांची जागा घेणारा नवा कोड तोवर कित्येक वर्षं रुळला होता.

फ्लॉपीचं तसं झालं नाही. ज्या प्रोग्रामरने जुलै २०१९ च्या दुरुस्त्या पाठवल्या होत्या त्यानेच पुढच्या महिन्यात ड्रायव्हर सांभाळायची तयारी दाखवली. यादीतला ‘अनाथ’ हा शब्द गेला आणि तिथे ‘ऑड फिक्सेस’ आलं, म्हणजे जमेल तशी, लागेल तेवढी दुरुस्ती.