जुनी कॅप्रिस की जुनी क्राउन व्हिक्टोरिया? पैसे मोजण्याआधी हे तपासा

दोन्ही मोठ्या अमेरिकन गाड्या एकाच घडणीच्या: वेगळ्या चॅसीवर बसवलेली बॉडी, पुढे व्ही-8 इंजिन आणि ओढ मागच्या चाकांना. गोलसर बॉडीची शेव्हरोले कॅप्रिस 1991 ते 1996 या काळातली. फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया 2011 पर्यंत निघत होती. रोजच्या वापरासाठी आम्ही 2003 ची किंवा त्यानंतरची क्राउन व्हिक्टोरिया सुचवतो. त्या वर्षी चॅसी नवी आली, रॅक-पिनियन स्टिअरिंग आले आणि पार्ट अजूनही सहज मिळतात.

कॅप्रिस घ्यायची तर 1994–96 ची, 5.7 लिटरच्या एलटी1 इंजिनाची घ्या. 260 हॉर्सपॉवर आहे आणि खालच्या आरपीएमलाच जी ओढ लागते ती क्राउन व्हिक्टोरियाच्या 4.6 लिटर इंजिनात नाही. त्याच वर्षांत 4.3 लिटरचा 200 हॉर्सपॉवरचा व्ही-8ही येत असे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून बॉनेट उघडून खात्री करा.

एलटी1 चे दुखणे म्हणजे ऑप्टिस्पार्क डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटणारा भाग. तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाच्या खाली आहे. पंपाचे सील गेले की कूलंट थेट त्याच्यावर ठिबकते, आत ओल शिरते आणि गाडी मिसिंग करू लागते, विशेषतः पावसाळी हवेत. म्हणून पंपाखाली टॉर्च मारून ओघळ पाहा. डिस्ट्रिब्युटर बदलायला पंप काढावाच लागतो, तेव्हा पंप जुना असेल तर त्याच खेपेला बदला. नाहीतर तीच मजुरी पुन्हा पडते. कूलंट भरताना थर्मोस्टॅट हाउसिंगवरचा ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा बाहेर सोडणारा) सैल ठेवा आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. हवा अडकली तर हेड तापतात.

चालवून पाहताना रिव्हर्स दोन-तीनदा टाका. पहिला आणि तिसरा गिअर चालतो पण रिव्हर्स, दुसरा आणि चौथा लागत नाही, असे असेल तर कॅप्रिसच्या 4एल60ई या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला सनशेल (आतले गिअर जोडणारा पत्र्याचा भाग) तुटला असण्याची शक्यता मोठी. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

2003 च्या आधीची क्राउन व्हिक्टोरिया पाहत असाल तर इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, नीट बघा. 1996–2001 च्या बऱ्याच गाड्यांत तो पूर्ण प्लॅस्टिकचा होता आणि पुढच्या, कूलंट वाहणाऱ्या भागात चिरतो. ती चीर अल्टरनेटरजवळ असते. सुधारित मॅनिफोल्डला तिथे ॲल्युमिनियमचा तुकडा असतो. याच इंजिनाच्या हेडमध्ये प्लगला धरून ठेवणारे आटे अवघे चारेक, त्यामुळे प्लग सैल राहिला तर आट्यांसकट उडतो. प्लग थंड इंजिनावरच बदला आणि टॉर्क रेंचनेच आवळा.

पोलिसांकडून निघालेल्या 2006 नंतरच्या गाडीत इंजिनाचे तास दिसतात. 90,000 मैलांना 6,000 तास म्हणजे सरासरी ताशी 15 मैल. ती गाडी बराच काळ उभ्या उभ्याच चालू होती. इंजिन मैलांवरून वाटते त्यापेक्षा जास्त झिजलेले असते.

अमेरिकेतल्या बर्फाच्या राज्यांतून आलेली गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका. रस्त्यावरच्या मिठाने मागच्या चाकांपुढची चॅसी आतून आणि ब्रेकच्या नळ्या बाहेरून गंजतात. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पत्रा आत गेला, तर इंजिन कितीही चांगले असो, ती गाडी सोडा.